मस्टँगचा डावा मागचा एक्सल पुन्हा पुन्हा तुटतोय? नवा मागवायच्या आधी तुटलेला तुकडा बघा

ड्रॅग रेसच्या लाईनवर गाडी उभी, स्लिक (बिनखाचांचे रेसचे टायर) गरम केलेले, पिवळा दिवा लागला, क्लच सोडला आणि मागून टाक् असा एकच कोरडा आवाज. इंजिन ओरडतंय, गाडी जागच्या जागी. हे ज्याच्यासोबत झालंय त्याला पुढचं सांगायला नको, रात्री ट्रेलरवर गाडी चढवून घरी आणायची, दुसऱ्या दिवशी एक्सल (चाक फिरवणारा शाफ्ट) मागवायचा, महिनाभराने परत तेच. माझ्यासोबत हे दोनदा झालं आणि तिसऱ्यांदा होता होता वाचलं. तीनही वेळा डावीच बाजू, म्हणजे इथली ड्रायव्हरची बाजू. त्यामुळे मी काय काय चुकीचं बदलत बसलो आणि शेवटी कशाने थांबलं ते सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय, कारण हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच.

आधी गाडी सांगतो म्हणजे आकड्यांचा अर्थ लागेल. १९९३ ची फॉक्स बॉडी मस्टँग, व्ही-८, टॉर्क साधारण ३८० पाउंड-फूट, टीकेओ ६०० गिअरबॉक्स (पहिला गिअर २.८७), मागे फोर्डचाच ८.८ इंची डिफ्रेंशियल (दोन्ही मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) आणि त्यात ४.१० चा क्राऊन-पिनियन, म्हणजे गिअरची मुख्य जोडी. मी धरून गाडीचं वजन ३,२०० पाउंडांच्या आसपास, म्हणजे साडेचौदाशे किलो. टायर २६ इंच उंचीचे स्लिक. आमचं घर एडिसनला, न्यू जर्सीत. इंग्लिशटाउनची स्ट्रिप जवळ होती ती २०१८ च्या जानेवारीत ड्रॅग रेसिंगसाठी बंद झाली, तेव्हापासून ग्रेट मेडोजला आयलंड ड्रॅगवेला जातो. क्वार्टर माईल ११.४० सेकंदांच्या आसपास जाते. फार मोठी गाडी नाही हो, पण एक्सल तोडायला पुरेशी आहे.

कंपनीने ह्या गाडीला मागे २८ स्प्लाईनचे (म्हणजे आतल्या टोकावर २८ दाते असलेले) एक्सल दिलेत आणि रस्त्यावरच्या टायरवर ते वर्षानुवर्षं टिकतात, माझेही टिकले होते. ते तुटायला लागले ते मी स्लिक लावल्यावर. इथेच बहुतेक जण चुकतात, सगळे इंजिनाचा टॉर्क मोजतात. इंजिनाचा टॉर्क गुणिले पहिला गिअर गुणिले ४.१० केलं तर माझ्या गाडीत ४,४०० पाउंड-फुटांच्या वर आकडा येतो, पण तेवढा टॉर्क एक्सलवर टिकून राहतच नाही कारण त्याआधी टायर घसरतो. एक्सलवर किती ताण येणार हे टायरची पकड ठरवते. मी हिशोब मांडला होता, पकडीचा गुणांक रस्त्याच्या टायरला ०.९ धरला आणि तयार केलेल्या ट्रॅकवर स्लिकला १.५, गाडी जोरात निघताना वजन मागे सरकतं तेही धरलं, तर रस्त्याच्या टायरवर एका एक्सलच्या वाट्याला ८०० पाउंड-फूट येतात आणि स्लिकवर साधारण १,५५०. इंजिनला हातही न लावता ताण दुप्पट. आणि हे दोन्ही चाकं अगदी सारखं ओढतायत असं धरून, जे खऱ्या आयुष्यात होत नाही, त्यावर पुढे येतोच.

आता पहिला तुटलेला एक्सल. तो तुटला होता आतल्या टोकाला, स्प्लाईन जिथे संपतात बरोबर तिथे. मी तो तुकडा कचऱ्यात टाकणार होतो. रविवारी कोल्हापूरला फोन केला तेव्हा सहज बाबांना सांगितलं. बाबा शिरोली एमआयडीसीत तीस वर्षं टर्नर होते, उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरचे हाफ शाफ्ट त्यांनी किती बघितलेत त्याला गणती नाही. ते लगेच म्हणाले, "अरे टाकू नकोस, दोन्ही तुकडे धुऊन पूस आणि तुटलेल्या तोंडाचा फोटो पाठव, उजेड बाजूने पडू दे." मी घासायला वायर ब्रश घेतला तर ओरडलेच, तोंडावर ब्रश मारायचा नाही, दोन तुकडे एकमेकांवर बसवून बघायचे नाहीत, नुसतं रॉकेलने धुवायचं आणि वाऱ्यावर सुकवायचं. ब्रशने खुणा पुसल्या जातात.

फोटो बघून त्यांनी जे सांगितलं ते मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो. तोंड जवळजवळ सपाट होतं, शाफ्टला काटकोनात, त्यावर गोल गोल पिळल्यासारखे वळसे, मध्यापर्यंत. आणि स्प्लाईनचे दाते बाजूने बघितले तर सरळ नव्हते, जिलबीसारखे नाही पण मळसूत्रासारखे थोडे कलले होते. म्हणजे हा शाफ्ट पिळून तुटलाय, एका झटक्यात किंवा थोड्या झटक्यांत, ताकदीपेक्षा जास्त पीळ बसला म्हणून. ह्यात शाफ्ट जुना झाला, थकला असं काही नाही. कडक केलेला शाफ्ट कधी कधी सपाट तुटायच्या ऐवजी पंचेचाळीस अंशात तिरका, स्प्रिंगसारखा चिरतो, तीही पिळाचीच जात, फक्त धातू जास्त ठिसूळ होता एवढंच. पण जर तोंडावर समुद्राच्या किनाऱ्यावर लाटा मागे सरकताना ओल्या वाळूत रेघा राहतात तशा एकामागे एक कमानी दिसल्या, तर ती थकव्याची तूट, म्हणजे चीर कधीचीच पडली होती आणि हळूहळू आत सरकत होती. ह्या दोन तुटींचा इलाज पूर्ण वेगळा आहे. एकीचा इलाज दुसरीला केला तर पैसे गेले.

मला हे सांगितलेलं असूनही मी तेव्हा घाईत होतो. पुढच्या शनिवारी रेस होती म्हणून एकाकडून जुन्या गाडीतला काढलेला तसाच २८ स्प्लाईनचा एक्सल आणला आणि बसवला. बसवायच्या आधी बाबांनी एक गोष्ट मात्र करायला लावली, पांढऱ्या पेंट मार्करने फ्लँजपासून (चाक बसतं ती बाहेरच्या टोकाची चकती) स्प्लाईनपर्यंत सरळ रेघ ओढायची, स्टीलची पट्टी धरून. दोन्ही एक्सलवर. दोन मिनिटांचं काम आहे, आणि ह्या सगळ्या भानगडीत मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट हीच. चार रेसनंतर डावा एक्सल परत गेला, तिथेच, तसाच. बाहेर काढल्यावर ती रेघ स्प्लाईनजवळच्या शेवटच्या चार-पाच इंचांत शाफ्टभोवती अशी वळली होती जशी केळफुलाची पाकळी कडेला मुरडते. उजव्या, न तुटलेल्या एक्सलवरची रेघही वळली होती, पण कमी. म्हणून एक तुटला की दुसरा चांगला आहे असं समजून परत बसवू नका, तोही पिळला गेलेला असतो. एकदा कायमचा पीळ बसला की त्या शाफ्टचं काम झालं.

इथे एक गोष्ट समजून घ्या की एक्सल पिळतो हे वाईट नाही, तो पिळायलाच हवा. त्या १,५५० पाउंड-फुटांना सव्वा इंच जाडीचा, अडीच फूट लांबीचा शाफ्ट दहा अंशांच्या वर पिळतो आणि सोडलं की परत सरळ होतो, टॉर्शन बारसारखा. रबर बँडसारखा धक्का पचवतो तो. प्रश्न येतो तो परत सरळ न होण्याचा. माझ्या रेघेने सांगितलं की सगळा पीळ पूर्ण लांबीत न पसरता स्प्लाईनच्या टोकाला जमा होतोय, आणि धक्का हिशोबापेक्षा कितीतरी मोठा आहे. तो कुठून येतोय?

ते कळलं मोबाईलवरून. माझ्या मित्राच्या मुलाने लाँचचा स्लो मोशन व्हिडिओ काढला होता मागच्या चाकाच्या उंचीवरून. साध्या डोळ्याला गाडी फक्त थोडी थरथरल्यासारखी वाटायची, व्हिडिओत मात्र चाक स्वच्छ उडताना दिसत होतं, पहिल्या पाच-सहा फुटांत तीन वेळा. टायर उचलला की चाक मोकळं फिरतं, वेग घेतं, मग टायर परत जमिनीला चिकटतो आणि ते फिरणारं चाक, प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागे जाणारा दांडा), फ्लायव्हील सगळ्यांचा वेग एका क्षणात एक्सल शोषतो. हा व्हील हॉप. हिशोबातला १,५५० चा आकडा ह्या वेळी कुठल्या कुठे जातो. एक्सल तोडणारी सगळ्यात मोठी गोष्ट माझ्या मते हीच आहे, हॉर्सपॉवर नाही. हॉप तसाच ठेवून जाडा एक्सल टाकला तर पुढची कमजोर कडी तुटते, क्राऊन-पिनियन किंवा गिअरबॉक्स, आणि ते एक्सलपेक्षा महाग पडतं.

फॉक्स बॉडीला मागे चार दांड्या असतात, खालच्या दोन सरळ, वरच्या दोन तिरक्या, आणि सगळ्यांच्या टोकाला रबर बुश. तीस वर्षांचं रबर, ते दाबलं जातं आणि परत उसळी मारतं, तिथूनच उड्या सुरू होतात. खालच्या दांड्या कंपनीच्या पत्र्याच्या, उघड्या चॅनेलसारख्या असतात, त्या पिळतात. मी खालच्या दोन चौकोनी ट्यूबच्या टाकल्या, पॉलियुरेथेन बुशवाल्या. वरच्या दांड्यांना मात्र पॉली टाकू नका, हे कळकळीने सांगतोय, कारण त्या तिरक्या असल्यामुळे हाऊसिंग (एक्सल आणि डिफ्रेंशियल ज्यात बसतात ते कवच) वर-खाली होताना त्यांना सगळ्या दिशांनी हलावं लागतं, कडक बुश टाकला की सस्पेन्शन अडकतं. वर नवं रबर ठेवा नाहीतर सरळ गोल बेअरिंगवाला जॉइंट टाका. त्यासोबत मागचे शॉक बदलले, आणि क्लच साडेपाच हजार आरपीएमवर दाणकन सोडायचा बंद केलं. प्रेशर प्लेट थोडी हलकी घेतली म्हणजे क्लच लाईनवर किंचित घसरतो आणि धक्का स्वतः खातो. क्लचची प्लेट झिजते, झिजू दे, ती एक्सलपेक्षा लवकर बदलता येते. ऑटोमॅटिकवाल्यांना हे काम टॉर्क कन्व्हर्टर करून देतो, म्हणून त्यांचे एक्सल त्याच ताकदीला जास्त टिकतात.

मग डावाच का. ह्याचं उत्तर प्रोपेलर शाफ्टमध्ये आहे. इंजिन तो शाफ्ट फिरवतं तेव्हा पिनियनमधून पूर्ण हाऊसिंगलाच पिळायला बघतं, त्यामुळे डावं चाक जमिनीत दाबलं जातं आणि उजवं उचललं जातं. बॉडी उलट दिशेने कलते त्याने ह्यातलं थोडं परत मिळतं, पण पूर्ण नाही. उजवं हलकं झालं की लिमिटेड स्लिप (एकच चाक मोकळं घसरू न देणारा डिफ्रेंशियल) असो की स्पूल (दोन्ही एक्सल एकत्र जखडणारा तुकडा), ओढायचं काम जास्तीत जास्त डाव्या एक्सलवर येतं. निम्मं-निम्मं वाटून घ्यायच्या ऐवजी सत्तर-तीस सुद्धा होऊ शकतं. ह्याला जुना आणि स्वस्त इलाज म्हणजे उजव्या मागच्या स्प्रिंगच्या आत रबराची एअर बॅग. त्यात थोडी हवा भरली की उजव्या चाकावर आधीच दाब राहतो. माझ्या गाडीत दहा पीएसआयपासून सुरुवात केली. बरोबर बसली की नाही ते लाँचनंतर जमिनीवरचे काळे पट्टे बघून कळतं, दोन्ही सारखे गडद हवेत, आणि गाडी सरळ निघायला हवी.

हे सगळं केल्यानंतर मी एक्सल बदलले, आणि क्रम हाच असावा असं माझं ठाम मत आहे. ३१ स्प्लाईनचे घेतले, सोबत ३१ चाच पूर्ण स्पूल. किती मोठा घ्यायचा ह्याचा हिशोब सोपा आहे, पिळाची ताकद व्यासाच्या घनाने वाढते. २८ स्प्लाईनचा व्यास साधारण १.२ इंच, ३१ चा १.३३, ३५ चा १.५ आणि ४० चा १.७ इंच. दिसायला फरक बोटाच्या नखाएवढा पण २८ वरून ३१ वर गेलात की ताकद एक तृतीयांशाच्या वर वाढते आणि ३५ वर गेलात तर जवळजवळ दुप्पट. अकरा सेकंदांच्या माझ्या गाडीला ३१ पुरतात. माझा एक मित्र दहाच्या आत जायच्या तयारीत आहे, त्याला मी ३५ च घ्यायला लावले. जो उगाच ४० घ्या म्हणतो त्याचं ऐकू नका, चाकासोबत फिरणारं वजन वाढतं आणि स्पूलपासून सगळं बदलावं लागतं.

घेताना फक्त स्प्लाईन मोजू नका, शाफ्टचा आकार बघा. चांगल्या एक्सलचा मधला भाग स्प्लाईनच्या खाचांच्या तळापेक्षा जाड नसतो, आणि स्प्लाईनमधून शाफ्टमध्ये उतार अलगद येतो. मधला भाग जाड आणि स्प्लाईन बारीक असं असेल तर सगळा पीळ त्या बारीक गळ्यातच जमतो, माझ्या रेघेत दिसला तसा. बाबांचा सगळा जोर ह्याच गोष्टीवर असतो, "कोपरा काटकोनात सोडला की तिथूनच चीर निघणार, रेडियस दे." धातूचं म्हणाल तर रस्त्यावरही चालवायची गाडी असेल तर १५४१ स्टीलचे, वरचा थर इंडक्शनने कडक केलेला आणि आत चिवट गाभा, असे घ्या. ४३४० आणि ३०० एम हे मिश्रधातूचे शाफ्ट जास्त ताकदवान, ३०० एम म्हणजे ४३४० मध्येच सिलिकॉन वाढवून व्हॅनेडियम घातलेला, पण वजनासाठी आतून पोकळ केलेले, फ्लँज कोरलेले असे फक्त ड्रॅगसाठीचे शाफ्ट रोजच्या खड्ड्यांत आणि वळणांत घालू नका. मोझर, स्ट्रेंज, मार्क विल्यम्स ह्यांच्यासारखे लोक गाडीच्या मापाने बनवून देतात, माप बरोबर द्यायची जबाबदारी आपली. आणि कंपनीचा शाफ्ट कापून, आखूड करून नव्याने स्प्लाईन पाडून देतो म्हणणारा भेटला तर नको म्हणा, कडक थर कापला जातो आणि आतल्या मऊ गाभ्यात दाते पडतात.

स्पूलबद्दल एकच. डिफ्रेंशियलमधले स्पायडर गिअर वेल्डिंग करून टाकणं हा स्पूल नाही, एनएचआरएच्या (अमेरिकेतली ड्रॅग रेसिंगची संस्था) नियमात त्याला बंदीच आहे. मिनी स्पूल जुन्याच केसमध्ये बसतो, त्यामुळे केसच कमजोर राहते, स्लिक असतील तर पूर्ण स्पूल. आणि स्पूल लावून रोज ऑफिसला जाऊ नका, प्रत्येक वळणावर दोन्ही एक्सल एकमेकांविरुद्ध पिळतात. हे मी केलं, दीड सीझन, आणि पुढचं जे सांगतोय त्याला त्यानेही हातभार लावला असणार.

तर दीड सीझन काही झालं नाही. मग डाव्या चाकाच्या आतून तेल गळायला लागलं. सील बदललं. दोन महिन्यांत परत. परत सील बदललं, बेअरिंगही बदललं, ह्यावेळी तीन आठवड्यांत परत. सील वारंवार जातंय आणि एकाच बाजूचं जातंय तर सीलला दोष देऊन थांबू नका, हे मी आज म्हणतोय, तेव्हा मी तिसरं सील आणून ठेवलं होतं. ते बसवायला एक्सल काढला, बेअरिंगची जागा पुसली आणि फ्लँजच्या मुळाशी केसासारखी एक रेघ दिसली. नखाला लागत नव्हती. क्रॅक तपासायचा लाल डाय मारला, दहा मिनिटं थांबलो, पुसला, वरून पांढरा डेव्हलपर फवारला, आणि पांढऱ्यावर शाफ्टच्या अर्ध्या घेराएवढी लाल रेघ हळूहळू वर आली. मी तिथेच खाली बसलो. ८.८ मध्ये एक्सल आतल्या टोकाला फक्त एका सी-क्लिपने धरलेला असतो. तो क्लिपच्या बाहेरच्या बाजूला कुठेही तुटला की चाक, ब्रेक, फ्लँज सगळं मिळून गाडीतून बाहेर निघून जाऊ शकतं. त्या गाडीत मी आदल्या रविवारी मुलीला घेऊन फिरून आलो होतो.

तो शाफ्ट प्रेसवर तोडून घेतला. आत किनाऱ्यावरच्या रेघांसारख्या कमानी, कडेपासून सुरू झालेल्या, आणि मधे राहिलेला शाबूत भाग. थकव्याची तूट. स्प्लाईन मात्र एकदम सरळ, पांढरी रेघ सरळ, पिळाचं नावही नाही. बाबांनी फोटो बघितला आणि म्हणाले, "ही जातच वेगळी आहे. हा वाकून वाकून थकलाय, प्रत्येक फेऱ्याला वाकलाय. शाफ्ट सोड, हाऊसिंग बघ."

हाऊसिंग वाकलंय की एक्सल वाकलाय हे घरी बघता येतं. गाडी स्टँडवर घ्या, चाक काढा, फ्लँजला डायल गेज लावा आणि हाताने फिरवा. काटा एका फेऱ्यात पुढे-मागे होत असेल तर एक्सलचं फ्लँज वाकडं. काटा स्थिर राहतो, पण चाकं लावून दोन्ही मागच्या टायरांमधलं अंतर पुढच्या बाजूने आणि मागच्या बाजूने मोजलं तर फरक येतो, आणि चाकं अर्धी फिरवून परत मोजलं तरी तेवढाच फरक राहतो, तर हाऊसिंगची नळी वाकडी. माझ्याकडे तीन मिलिमीटर फरक आला, फिरवला तरी तेवढाच. दीड मिलिमीटरच्या वर गेलं की मी तरी संशय घेतो. मग हाऊसिंग काढून एका मशीन शॉपमध्ये अलाइनमेंट बार टाकून बघितला, मधोमध बेअरिंगच्या जागी गोल पक टाकतात आणि आरपार सरळ दांडा. डाव्या टोकाला साठ थाऊ (इंचाचे हजारावे भाग) बाहेर. एवढ्याने तिथलं बेअरिंग एका कडेने चालत होतं, सील एका बाजूला घासत होतं, आणि एक्सल दर फेऱ्याला थोडासा वाकत होता. शंभर किलोमीटर गाडी चालवली की चाक जवळपास पन्नास हजार वेळा फिरतं, तेवढ्या वेळा.

हे वाकलं कधी, तर बहुतेक हॉपच्याच दिवसांत. ८.८ च्या नळ्या मधल्या ओतीव भागात दाबून बसवलेल्या असतात आणि भोकांतून थोडं वेल्डिंग केलेलं असतं, रस्त्यासाठी ते पुरतं, स्लिकवर उड्या मारल्या की नळी आत फिरायलाही लागते. म्हणजे पहिल्या दोन एक्सलना मारलं त्यानेच तिसऱ्याची सोय करून ठेवली होती, आणि मी मधे फक्त शाफ्ट बदलत होतो.

हाऊसिंग असं दुरुस्त केलं. नळ्या मधल्या भागाला पूर्ण गोल वेल्ड केल्या. मधला भाग कास्ट आयर्नचा, नळी स्टीलची, त्यामुळे आधी गरम करावं लागतं, निकेलच्या रॉडने थोडं थोडं चारी बाजूंनी फिरून वेल्ड करायचं आणि ब्लँकेटमध्ये गुंडाळून सावकाश थंड होऊ द्यायचं. घाई केली तर वेल्डच्या कडेने तडा जातो. हे काम ज्याने आधी केलंय त्यालाच द्या. वेल्डने नळ्या परत ओढल्या जातात म्हणून सरळ करायचं काम नेहमी वेल्डनंतर, बार टाकून. आधी सरळ करून मग वेल्ड करणारे बघितलेत मी. मागे कव्हर जाड, बेअरिंग कॅपना टेकू देणारं लावलं.

आणि सी-क्लिप कायमचा घालवला. नळ्यांची टोकं कापून तिथे फोर्डच्या ९ इंची हाऊसिंगची टोकं वेल्ड केली. तो ९ इंची १९५७ पासून आलेला डिफ्रेंशियल, त्यात सी-क्लिप नाहीच, बेअरिंग शाफ्टवर दाबून बसवतात आणि बाहेरून पट्टी लावून चार बोल्टांनी धरतात, शाफ्ट आत तुटला तरी चाक जागेवर राहतं. दुसरा फायदा, ८.८ मध्ये बेअरिंगचे रोलर थेट शाफ्टवरच फिरतात, म्हणजे शाफ्टच झिजतो, हे ह्यात नाही. नुसते बोल्टने बसणारे सी-क्लिप एलिमिनेटर पण मिळतात, वेल्डिंग लागत नाही, ते फक्त स्ट्रिपवरच्या गाडीला ठीक, रस्त्यावर वळणांत ते तेल सोडतात असा माझ्या ओळखीच्यांचा अनुभव आहे. एनएचआरएच्या नियमाने क्वार्टर माईल १०.९९ किंवा त्याहून जलद जाणाऱ्या गाडीला, आणि स्पूल असलेल्या कुठल्याही गाडीला, बाजारातले मजबूत एक्सल आणि त्यांना धरून ठेवायची अशी सोय सक्तीची आहे. माझा वेळ अकराच्या वर म्हणून मी ते मनावर घेतलं नव्हतं, स्पूल लावला त्याच दिवशी हे करायला हवं होतं. तुमच्या गाडीत सी-क्लिप आहे आणि तुम्ही स्लिक लावताय, तर वेळ कितीही असो, हे आधी करा, इंजिनचे पैसे नंतर.

नवे एक्सल परत ३१ चेच बनवून घेतले, नव्या टोकांच्या मापाने. बसवताना स्प्लाईन स्पूलमध्ये किती आत जातात ते निळा मार्किंग रंग लावून बघा, पूर्ण लांबी धरली पाहिजे. अर्धेच दाते काम करत असतील तर ३१ चे २८ झाले. फ्लँजच्या मुळाशी, बेअरिंगच्या जागी छिन्नीचा, ग्राइंडरचा एक ओरखडाही चालत नाही, काढता-घालताना कापड गुंडाळा. स्टड अर्ध्या इंचाचे घेतले, ड्रॅग चाकांचे भाग जाड असतात म्हणून नटाला आटे पूर्ण मिळतायत का ते मोजलं. चार बोल्टांची फॉक्स पाच बोल्टांवर न्यायची असेल तर ती ह्याच वेळी करून घ्या, फ्लँज तसेही नवेच बनतायत.

आता तपासणी सोपी झालीय. आधी कव्हर उघडा, तेल काढा, पिन काढा, क्लिप काढा, अर्धा दिवस जायचा. आता चाक, ब्रेक आणि चार नट, पंधरा मिनिटांत एक्सल हातात. दर तीस-चाळीस पासनंतर (स्ट्रिपवरची एक धाव म्हणजे एक पास) काढतो, पांढरी रेघ बघतो, फ्लँजच्या मुळाशी डाय मारतो. वाकलेल्या हाऊसिंगसाठी मागच्या टायरांचं अंतर महिन्यातून एकदा टेपने मोजतो, नवीन झाल्यापासून अर्ध्या मिलिमीटरच्या आत आहे. सील तेच आहे, कोरडं.

गेल्या महिन्यात दोन्ही काढले होते, दोन्हीवर रेघ पट्टी लावून बघितली तर सरळ. फक्त लाईनवर उजव्या टायरचा काळा पट्टा डाव्यापेक्षा गडद पडतोय आणि गाडी निघताना नाक किंचित डावीकडे जातंय, म्हणजे आता उजवीकडे जास्त दाब होतोय, हॉप गेल्यावर तेवढ्या हवेची गरज राहिली नसावी. पुढच्या शनिवारी एअर बॅगमधली हवा दोन पीएसआय कमी करून बघणार आहे.